तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या टेस्ट सोडवल्या, तरी रीडिंगचा बँड का वाढत नाही?

परदेशी शिक्षण-नोकरीसाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारी नागपुरातली मुलं-मुली एक प्रश्न हमखास विचारतात. कुणी नर्सिंग झालेलं असतं, कुणी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतं, पण प्रश्न तोच: ‘वीस-पंचवीस टेस्ट सोडवून झाल्या. लिसनिंग वाढलं, रीडिंग मात्र सहावर अडकून बसलंय. अजून किती टेस्ट सोडवू?’

सध्या एकही नको. आधी ज्या सोडवल्यात त्या पुन्हा उघडा. टेस्ट सोडवल्याने तुम्ही कुठे आहात ते कळतं, तिथून पुढे सरकता येत नाही. वजनकाट्यावर रोज उभं राहून वजन कमी होत नाही, तसंच हे आहे. वाढ होते ती टेस्ट संपल्यानंतरच्या तासाभरात, आणि नेमका तोच तास बहुतेक जण उत्तरं ताडून, गुण मोजून, वही मिटून घालवतात.

आधी आकडे पाहू, म्हणजे काम किती आहे ते कळेल. रीडिंगला चाळीस प्रश्न आणि साठ मिनिटं. अकॅडमिक प्रकारात (उच्च शिक्षणासाठीच्या) साधारण २३ उत्तरं बरोबर आली की ६ बँड, म्हणजे सहाची श्रेणी, ३० आली की ७. म्हणजे सहा आणि सात यांच्यात अंतर आहे सात प्रश्नांचं. जनरल ट्रेनिंगमध्ये (नोकरी किंवा स्थलांतरासाठीच्या प्रकारात) मजकूर सोपा असल्यामुळे मोजणी कडक असते: ६ साठी साधारण ३०, ७ साठी ३४. तुमच्या ध्येयापासून तुम्ही पाच-सात प्रश्न मागे आहात, आणि ते प्रश्न बहुधा दर टेस्टला त्याच दोन-तीन कारणांनी चुकतात. कारण सापडलं नाही, तर पंचविसाव्या टेस्टलाही तेच चुकणार.

दुसरा हिशेब वेळेचा. ‘पॅसेज पूर्ण वाचायला वेळच नसतो, म्हणून कीवर्ड शोधायचे’ हे इतकं सांगितलं जातं की ते खरंच वाटू लागतं. अकॅडमिकच्या तिन्ही पॅसेजमध्ये मिळून २१५० ते २७५० शब्द असतात. मिनिटाला दीडशे शब्द ही काही पळण्याची गती नाही, तरी त्या गतीने जास्तीत जास्त लांबीचे तिन्ही पॅसेज साडेअठरा मिनिटांत वाचून होतात. चाळीस प्रश्नांना चाळीस मिनिटं उरतातच. तेव्हा पॅसेज न वाचल्याने वेळेची बचत होत नाही. तीच ओळ चार-चार वेळा शोधावी लागते, तिथे तो जातो. कीवर्ड शोधण्याची युक्ती सहापर्यंत नेते, हे मान्य. त्यापुढचे प्रश्न मुद्दाम वेगळ्या शब्दांत विचारलेले असतात. प्रश्नात ‘अफोर्डेबल’ असेल, तर पॅसेजमध्ये ‘विदिन द मीन्स ऑफ ऑर्डिनरी फॅमिलीज’ असतं. ‘अफोर्डेबल’ शोधत बसलेल्याला ती ओळ दिसतच नाही.

आता तो टेस्टनंतरचा तास. एक पॅसेज घ्या, घड्याळ लावून निळ्या पेनाने वीस मिनिटांत सोडवा. वेळ संपली की निळं पेन खाली ठेवा, उत्तरसूची उघडू नका. पाच मिनिटं थांबा, पाणी प्या. मग हिरवं पेन घेऊन तोच पॅसेज घड्याळाशिवाय पुन्हा सोडवा, आणि या वेळी प्रत्येक उत्तरासाठी पॅसेजमधली ज्या ओळीवरून ते ठरवलं ती ओळ अधोरेखित करून तिच्याजवळ प्रश्नाचा क्रमांक टाका. ओळ दाखवता येत नसेल, तर उत्तर बरोबर असलं तरी तो अंदाज होता. त्यावर गोल करा. हे झाल्यावरच उत्तरं ताडा.

निळ्याने चुकलं आणि हिरव्याने बरोबर आलं, तर तुमची भाषा पुरेशी आहे. घाई किंवा लक्ष कमी पडलं. दोन्ही वेळा चुकलं, तर भाषाच अडली. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. पहिल्याला वेळेचा सराव लागतो, दुसऱ्याला वेळेच्या सरावाने उलट नुकसान होतं, कारण न कळलेलं वाक्य आणखी वेगाने न कळता पुढे जातं. बहुतेकांना आपलं दुखणं वेगाचं वाटतं. हिरव्या पेनाने पाहिलं की पुष्कळदा ते भाषेचं निघतं.

चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी वहीत एक ओळ लिहा: प्रश्नाचा प्रकार, माझं उत्तर, खरं उत्तर, पॅसेजमधली ओळ जशीच्या तशी, आणि कारण. कारण म्हणून ‘सिली मिस्टेक’ लिहू नका, त्यातून काहीच हाती लागत नाही. शब्द माहीत नव्हता, वाक्याची रचना कळली नाही, ओळ सापडली नाही, प्रश्न अर्धा वाचला, स्पेलिंग किंवा शब्दमर्यादा चुकली, वेळ संपला, यांतलं एक लिहा. पाच-सहा पॅसेज झाले की कोणतं कारण सर्वांत जास्त वेळा आलंय ते मोजा. तिथून तुमचा अभ्यास सुरू होतो.

मराठीतून शिकलेल्यांच्या वहीत ‘रचना कळली नाही’ हे कारण असायला हवं तितकं दिसत नाही, कारण ते लक्षातच येत नाही. सगळे शब्द ओळखीचे असतात, म्हणून वाक्य कळल्यासारखं वाटतं. हे वाक्य पाहा: ‘द सीड्स सेटलर्स हॅड कॅरिड अक्रॉस द डेझर्ट फेल्ड टू जर्मिनेट.’ घाईत वाचलं तर ‘फेल्ड’ हे क्रियापद ‘डेझर्ट’ला चिकटतं, नाहीतर ‘सेटलर्स’ना. फेल झालं ते बियाणं. आपण म्हणू, ‘वसाहतकऱ्यांनी वाळवंट ओलांडून आणलेलं बियाणं उगवलंच नाही.’ मराठीत ‘आणलेलं’ हे नामाच्या आधी येऊन मोकळं होतं आणि मुख्य क्रियापद शेवटी ठाम उभं असतं. इंग्रजीत कर्ता आधी येतो, मग त्याच्याबद्दलची सगळी माहिती मध्ये घुसते, आणि क्रियापद उशिरा भेटतं. त्यात ‘दॅट’ गाळलेलं असलं, तर मध्ये काही घुसलंय याची खूणही राहत नाही.

यावर उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे. दर पॅसेजमधली सर्वांत लांब पाच वाक्यं निवडा, मुख्य क्रियापदाखाली दोन रेघा ओढा, ‘हे कुणी केलं?’ असं विचारून कर्त्याखाली एक रेघ, आणि मग ते वाक्य मराठीत तोंडाने सांगा. ‘जो-तो’, ‘ज्याने-त्याने’ लावून सांगितलं तरी चालेल. भाषांतर सुंदर व्हायची गरज नाही, कुणी काय केलं ते पक्कं व्हायला हवं. परीक्षेत मनात भाषांतर करत बसू नये हे खरं, पण सरावात केलं तरच परीक्षेत त्याची गरज उरत नाही. पंधरा-वीस पॅसेजनंतर डोळा आपोआप क्रियापदाकडे जातो.

छोट्या शब्दांवरही असंच थांबायचं. ‘फ्यू’ म्हणजे फार थोडे, जवळजवळ नाहीतच. ‘अ फ्यू’ म्हणजे काही आहेत. ‘रेअर्ली’ आणि ‘हार्डली’ यांच्यात ‘नॉट’ दिसत नाही, पण अर्थ नकाराकडेच झुकलेला असतो. ‘नॉट अंटिल १९२०’ म्हणजे १९२० उजाडल्यावरच. त्या साली ती गोष्ट झाली, आणि घाईत वाचणारा ‘नॉट’ पाहून झाली नाही असं धरतो. ‘रादर दॅन’च्या मागचं घ्यायचं, पुढचं टाकायचं.

ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन (विधान पॅसेजप्रमाणे खरं, खोटं, की पॅसेज त्याबद्दल गप्पच) या प्रकाराने सगळे गांजलेले असतात, म्हणून तो मराठीतच करून पाहू. समजा पॅसेजमध्ये एवढंच आहे: ‘नागपूर मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा या दोन मार्गिका सीताबर्डीला मिळतात. खापरीहून लोकमान्यनगरला जाणाऱ्याला गाडी इथेच बदलावी लागते.’

पहिलं विधान: खापरीहून लोकमान्यनगरला एकाच गाडीने जाता येतं. फॉल्स; पॅसेज याच्या थेट उलट बोलतो. दुसरं: सीताबर्डी हे मेट्रोचं सर्वांत गर्दीचं स्टेशन आहे. बर्डीची गर्दी पाहिलेला माणूस डोळे मिटून ‘ट्रू’ लिहील. पण पॅसेजमध्ये गर्दीचा ‘ग’ही नाही. नॉट गिव्हन. तिसरं: खापरी ते लोकमान्यनगर या प्रवासात गाडी बदलायला सीताबर्डीशिवाय दुसरं स्टेशन नाही. ट्रू, आणि ते ठरलं ‘इथेच’ मधल्या ‘च’वरून. ‘इथे बदलता येते’ असं असतं, तर दुसरीकडेही बदलता येत असेल की नसेल, पॅसेज गप्प. उत्तर नॉट गिव्हन झालं असतं. इंग्रजीत या ‘च’चं काम ‘ओन्ली’, ‘सोलली’, ‘मस्ट’, ‘ऑल’ असे शब्द करतात. प्रश्नातल्या अशा शब्दाला आधी गोल करा, मग पॅसेजकडे जा.

फॉल्स आणि नॉट गिव्हन यांत घोळ होत असेल, तर स्वतःला एकच विचारा: ‘हे खरं नसेल, तर मग खरं काय?’ पॅसेज त्याचं उत्तर देत असेल तर फॉल्स, देत नसेल तर नॉट गिव्हन. या प्रश्नांची उत्तरं पॅसेजमध्ये क्रमाने येतात, त्यामुळे चौथ्याची आणि सहाव्याची ओळ सापडली की पाचव्याची जागा त्या दोघांमध्येच. दोन मिनिटं शोधूनही तिथे काही नसेल, तर नॉट गिव्हन लिहा आणि पुढे जा. येस, नो, नॉट गिव्हन हा प्रकार लेखकाच्या मताबद्दल असतो. त्याच्या सरावाला मला वर्तमानपत्राचं संपादकीय सर्वांत चांगलं वाटतं. नागपुरातून १९११ पासून निघणारं ‘द हितवाद’ घरी येत असेल तर संपादकीय पान वाचा आणि लेखकाचं म्हणणं एका मराठी वाक्यात लिहा. त्याने दुसऱ्याचं म्हणून सांगितलेलं मत त्याच्याच नावावर लिहिलं गेलं, तर परीक्षेतही तेच होणार आहे.

बाकीचे प्रकार थोडक्यात. हेडिंग जुळवताना परिच्छेदातला एखादा शब्द हेडिंगमध्ये दिसला म्हणून भुलू नका. पूर्ण परिच्छेद कशाबद्दल आहे ते चार शब्दांत समासात लिहा आणि मगच यादी पाहा. कोणत्या परिच्छेदात ही माहिती आहे, हे विचारणारे प्रश्न क्रमाने नसतात, ते शेवटी करा. तोवर पॅसेज दोनदा डोळ्याखालून गेलेला असतो. रिकाम्या जागा भरताना सूचना वाचा. दोनच शब्दांची मर्यादा असताना ‘द ओल्ड मिल’ लिहिलं तर अर्थ बरोबर असूनही गुण शून्य, कारण ‘द’ही मोजला जातो. जोडरेघेचा शब्द एकच धरतात. पॅसेजमधला शब्द जसाच्या तसा उतरवा, अनेकवचनाचा ‘एस’ सुटला तरी गुण जातो. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी ठेवायची नाही. कागदावर परीक्षा देणाऱ्यांनी लक्षात ठेवा, लिसनिंगला उत्तरं उतरवायला वेगळी दहा मिनिटं मिळतात, रीडिंगला नाही.

शब्द पाठ करण्याबद्दलही विचारतात. हजारांच्या याद्यांपेक्षा ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली अकॅडमिक वर्ड लिस्ट पुरे: ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ), दहा भागांत. पहिल्या भागापासून सुरू करा, रोज पाच. नुसता अर्थ लिहू नका, शब्द कशाबरोबर येतो ते लिहा. त्याहून जास्त फायदा वहीतल्या जोड्यांचा: डावीकडे प्रश्नातले शब्द, उजवीकडे पॅसेजमधले. दर पॅसेजमागे दहा जोड्या.

राहिला प्रमाणाचा प्रश्न. हातात सहा आठवडे असतील, तर आठवड्याला तीन पॅसेज, वर सांगितलं तसे, प्रत्येकी दीड-दोन तास देऊन. दुसऱ्या दिवशी तोच पॅसेज प्रश्नांशिवाय एकदा मोठ्याने वाचा. दर दुसऱ्या रविवारी पूर्ण साठ मिनिटांची टेस्ट, सलग, मध्ये न उठता, आणि तुमची परीक्षा ज्या वेळेला असेल त्याच वेळेला. मे महिन्यातल्या दुपारी कूलरसमोर बसून केलेल्या सरावावरून सकाळच्या परीक्षेचा अंदाज बांधू नका. परीक्षा कॉम्प्युटरवर असेल तर निम्मा सराव तरी स्क्रीनवर करा. कागदावर पेन फिरवण्याची सवय तिथे एकदम तुटते, आणि डावीकडे पॅसेज, उजवीकडे प्रश्न अशी नजर फिरवायला सरावावं लागतं. वेळ वाटताना सतरा, वीस, तेवीस अशी वाटा. तिसरा पॅसेज बहुधा सर्वांत अवघड असतो, तेव्हा सारखी वीस मिनिटं देऊन त्याच्यावर अन्याय होतो.

शेवटच्या आठवड्यात नवीन पॅसेज उघडू नका. वही काढा, जुने चुकलेले प्रश्न एका कागदाने उत्तर झाकून पुन्हा सोडवा, आणि जे दुसऱ्यांदाही चुकतील तेवढ्यांवर हिरवी खूण करा. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तेवढीच पानं वाचायची.