व्हॅम्पायरच्या नियमांची वही: पावसाळ्यातली प्रगती

मागच्या नोंदीनंतर वहीत चार पानं पक्की झाली आणि एक खोडलं. नव्याने आलेल्यांसाठी पद्धत पुन्हा सांगते. व्हॅम्पायर कशाने मरतो, कशाने अडतो, अशा प्रत्येक नियमाला एक पान. नियम गावकऱ्यांच्या तोंडून आलेला असेल तर हिरवी शाई, कादंबरीतून आला असेल तर निळी आणि पडद्यावरून आला असेल तर लाल.

सगळ्यात जास्त दिवस उन्हाच्या पानाने घेतले. दोन वर्षं ते हिरव्या शाईत होतं, आणि ती माझी चूक होती. ऊन लागलं की व्हॅम्पायर संपतो, हे इतकं मुरलेलं आहे की तपासायचं मनातच आलं नाही. या वेळी ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची 'ड्रॅक्युला' पेन्सिल हातात घेऊन वाचली. व्हॅम्पायर असलेला काउंट ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत उभा असतो आणि त्याच्या वाड्यात राहून आलेला जोनाथन हार्कर त्याला ओळखून हादरतो! दिवसा त्याची ताकद ओसरते, पण जिवाला धोका नसतो. त्याआधी, १८१९ सालच्या पॉलिडोरीच्या 'द व्हॅम्पायर' या कथेत, मेलेल्या लॉर्ड रुथवेनला (तोच व्हॅम्पायर) चंद्राच्या पहिल्या किरणात नेऊन ठेवतात आणि तो परत येतो. तिथे चांदणं महत्त्वाचं, उन्हाचं नावही नाही.

उन्हाने येणारा मृत्यू सापडतो तो मुर्नाऊच्या 'नोस्फेरातू' या १९२२ सालच्या मूकपटात. कोंबडा आरवतो, खिडकीतून सकाळ आत येते आणि त्यातला व्हॅम्पायर, काउंट ऑर्लोक, विरून जातो. मागे राहतो थोडा धूर. म्हणून पान आता लाल, पण त्यातला कोंबडा मी हिरव्याने अधोरेखित केला. कोंबडा आरवायच्या आत मेलेल्याने थडग्यात परतायचं, ही समजूत पूर्व युरोपातल्या खेड्यांतली आहे. आपल्याला ती लगेच कळते, कारण पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं आणि कोंबडा आरवल्यामुळे ते अर्धवट राहिलं, ही गोष्ट ऐकतच आपण वाढलो. खेड्यात ती वेळेची मर्यादा होती, सिनेमाने तिचा देहदंड केला. माझ्या मते मूकपटाला दुसरा मार्गही नव्हता. आरवणं ऐकू येणार नाही, उजेड मात्र दिसतो. 'ड्रॅक्युला'वरून परवानगी न घेता चित्रपट काढला म्हणून स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ साली कोर्टाने या चित्रपटाच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती वाचल्या, म्हणून आज हा नियम लहान मुलांनाही पाठ आहे.

आरशाचं पान निळं. 'काउंटच्या घरात आरसे नाहीत, त्याचं प्रतिबिंब दिसत नाही' हे स्टोकरच्या स्वतःच्या टिपणांत आहे. चित्रकाराला त्याचं चित्र जमत नाही, असंही तिथेच आहे. आरशामागच्या चांदीमुळे प्रतिबिंब पडत नाही, हे आपल्यात बऱ्याच जणांना आवडणारं स्पष्टीकरण मात्र मी काढून टाकलं. काचेला चांदीचा मुलामा देण्याची लीबिगची रीत १८३५ सालची. त्याआधीच्या आरशांना कथील आणि पाऱ्याचा लेप असायचा.

आता सुळ्याचं, म्हणजे प्रेताच्या छातीत ठोकायच्या टोकदार खुंटाचं पान. ते हिरवं आहे आणि माझं सगळ्यात लाडकं. ऑस्ट्रिया आणि तुर्कांच्या १७१८ च्या तहानंतर उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाकडे गेला आणि खेड्यातली भीती पहिल्यांदा सरकारी कागदावर आली. १७२५ साली किसिलयेवो गावात पेटार ब्लागोयेविच वारला. त्यानंतर आठ दिवसांत नऊ माणसं गेली. तो येऊन अंगावर पडतो, गळा दाबतो, असं मरणारे सांगत होते. गावकऱ्यांनी थडगं उघडायचा हट्ट धरला आणि फ्रोमबाल्ड नावाच्या अधिकाऱ्याला समोर उभं राहावं लागलं. त्याने लिहिलं ते असं: केस, दाढी, नखं वाढलेली, जुनी कातडी सुटून खाली ताजी आलेली, तोंडात रक्त. सुळा ठोकल्यावर कानातोंडातून रक्त वाहिलं. मग प्रेत जाळलं.

यातलं प्रत्येक लक्षण कुजण्याचं आहे. कातडी आक्रसते म्हणून दाढी आणि नखं लांब दिसतात. वरचा थर नखांसकट सुटतो आणि खालचा भाग नवा वाटतो. पोटात वायू साचून प्रेत फुगतं आणि लालसर काळा द्रव तोंडावाटे बाहेर येतो. फुगलेल्या छातीत सुळा घातला की आत कोंडलेला वायू घशातून निघतो, आणि ऐकणाऱ्याला ते कण्हणं वाटतं. गावकरी खोटं बोलत नव्हते. त्यांनी पाहिलं ते खरंच तिथे होतं. साथीत एकामागोमाग माणसं जाताना त्यांना कारण हवं होतं आणि हातांना काहीतरी काम. हे पान लिहिताना त्या नऊ घरांचा विचार डोक्यातून जात नव्हता.

आणि ड्रॅक्युला? त्याला शेवटी सुळा लागतच नाही. हार्करची कुकरी गळ्यावर आणि त्याचा साथीदार मॉरिसचा सुरा काळजात.

सर्बियातल्याच मेद्वेजा गावच्या १७३२ च्या सरकारी अहवालात अर्नोल्ड पाओले नावाचा माणूस येतो. व्हॅम्पायरच्या त्रासातून सुटायला पाओलेने त्या व्हॅम्पायरच्याच थडग्याची माती खाल्ली होती आणि त्याचंच रक्त अंगाला फासलं होतं. हा उपाय पडद्यावर फारसा दिसत नाही. मी त्याला अख्खं पान दिलं.

खोडलं ते वेताळाचं पान. १८७० साली रिचर्ड बर्टनने विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना त्याला 'व्हॅम्पायर' केलं आणि तो घोळ आजवर चालू आहे. आपला वेताळ प्रेतात शिरतो, कोडी घालतो. आरवलीच्या वेतोबाला तर लोक चपला वाहतात. त्याला या वहीत कोंबणं मला पटेना.

पुढच्या नोंदीत मोजण्याचा नियम. शवपेटीत खसखस ठेवायची म्हणजे मेलेला दाणे मोजत बसतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. बाल्टिक किनाऱ्याकडे मासेमारीचं जाळंही ठेवत, वर्षाला एक गाठ सोडवायला. घरात जुनं जाळं आहे, त्यातल्या वीतभर तुकड्याच्या गाठी मोजायला घेतल्या आहेत. एकशे बारा झाल्या, अजून कोपरा बाकी आहे.