दोष क्लचमध्ये नव्हता, चाकाच्या पकडीत होता

तक्रार एवढीच होती की दोरी ओढली तरी नांगर जमिनीतून वर येत नाही. देपालपूरकडच्या एका मराठी शेतकऱ्याचा दोन फाळी, दहा इंची, ओढीचा जुना इंग्रजी नांगर. लिफ्टचा क्लच गेलाय, असं आधीच्या मिस्त्रीचं म्हणणं. इंदूरला सांवेर रोडवरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये तो आला तो नवा क्लच बनवून घ्यायलाच.

या नांगराला हायड्रॉलिक नसतं. ट्रॅक्टर नुसता ओढतो, वजन नांगराच्या स्वतःच्या तीन चाकांवर. डावं मोठं चाक न नांगरलेल्या रानावर चालतं, पुढचं उजवं आधीच्या तासात (नांगराने काढलेल्या चरीत), आणि मागचं छोटं तिरकं चाक शेवटच्या फाळाने नुकत्याच काढलेल्या तासात. उचलायची ताकद येते ती डाव्या चाकातून. दोरी ओढली की खटका सुटतो, तुंब्यातला, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यातला, दट्ट्या दात्यात अडकतो आणि चाकाबरोबर क्रँकचा आस फिरू लागतो. चाक पुढे जाईल तसा नांगर चढतो. आस अर्धा फिरला की रोलर पुढच्या खाचेत बसतो, दट्ट्या सुटतो आणि नांगर वरच अडकून राहतो. पुन्हा दोरी ओढली की खाली. काही कंपन्यांच्या नांगरात क्रँकऐवजी दात्यांची पट्टी आणि पिनियन (छोटं दातेरी चाक) असतं, पण ताकद तिथेही चाकाचीच.

तुंबा उघडला. जुनं ग्रीस मातीत कालवून डांबरासारखं घट्ट झालेलं. रॉकेलने धुतल्यावर दट्ट्याची धार स्वच्छ दिसली, दात्यांच्या कडा शाबूत, स्प्रिंगमध्येही जीव होता. अशा क्लचला बदलून काय मिळणार? बाकावर चाक हाताने फिरवलं, दोरी ओढली, आस बरोबर अर्धा फिरून थांबला.

म्हणून नांगर रानात नेला. गहू निघाल्यावर ओलवलेलं काळं रान, वाफसा चांगला. ड्रायव्हरने बांधाजवळ दोरी ओढली, खटका सुटल्याचा आवाज आला, आणि नांगर तसाच जमिनीत. मी डाव्या चाकामागे पाहिलं. चाक फिरलं असतं तर ओल्या मातीत धावेचा नुसता दाबलेला माग दिसला असता. तिथे होता तो हातभर लांबीचा सलग, चकचकीत, गुळगुळीत पट्टा. चाक घसरत होतं. दट्ट्या अडकल्यावर चाकाला नांगराचा सगळा भार उचलायचा असतो, आणि पकड नसेल तर ते फिरायचं सोडून घसटत जातं.

कारणं दोन निघाली. पहिलं डोळ्यांसमोरच होतं: धावेवरचे लोखंडी दाते कोणीतरी गॅसने कापून टाकले होते, डांबरी रस्त्यावरून नेताना त्रास नको म्हणून. दुसरं कारण जोडणीत होतं आणि तेच जास्त जणांच्या नजरेतून सुटतं. हा नांगर हायड्रॉलिकच्या खालच्या दोन हातांमधल्या भोकांच्या पट्टीला जोडत होते, आणि पट्टी जमिनीपासून सुमारे २२ इंचांवर. जुन्या ट्रॅक्टरची ओढ यापेक्षा बरीच खाली असे.

मातीचा विरोध नांगराला जिथे लागतो तो बिंदू जमिनीखाली असतो, फाळ आणि पंख (माती उलटवणारा वाकडा पत्रा) जुळतात त्याच्या आसपास. दोन फाळ असतील तर दोघांच्या मध्ये. तिथून ट्रॅक्टरच्या पिनेपर्यंत दोरा ताणला तर नांगराची पुढची जोडणी त्या दोऱ्यावर यायला हवी. जोडणी दोऱ्याच्या खाली राहिली की ओढ नांगराचं नाक वर उचलते, पुढची चाकं हलकी होतात, खोली कमीजास्त होते, आणि हलक्या चाकाची पकडही जाते. जोडणी वर गेली तर उलट: नाक खुपसतं, शेपूट उचलतं आणि ट्रॅक्टरला नांगर जड जातो.

शेतकरी काकांनी विचारलं, "मग क्लच नवा नको?"

"नको काका. चाकाला दाते हवेत आणि ट्रॅक्टरकडची जोडणी खाली हवी."

चाक २८ इंची. त्यावर ४० मिमी अँगलचे १२ तुकडे तिरके, दर साडेसात इंचांच्या आसपास एक, असे बोल्टने बसवले. वेल्डिंग मुद्दाम टाळलं, म्हणजे रस्त्यावर न्यायच्या आधी काढता येतात. नांगर ट्रॅक्टरच्या पक्क्या ड्रॉबारला (मागच्या ओढपट्टीला) १५ इंचांवर जोडला आणि दोरा ताणून नांगराची उभी जोडणी एक भोक वर घेतली. ओढीचं यंत्र मागच्या आसाच्या वर तर कधीच जोडू नये. नांगर मुळात किंवा दगडात अडकला तर ट्रॅक्टर पुढून उचलून ड्रायव्हरवर उलटू शकतो.

पुढच्या फेरीला दोरी ओढताच नांगर दोन पावलांत वर आला. पहिल्या तासाला दोन्ही पुढची चाकं एका पातळीत ठेवली, दुसऱ्यापासून उजवं चाक तासाच्या खोलीइतकं खाली. खोली सात इंच घेतली. दहा इंच रुंदीला तेवढीच साजते, त्याहून खोल गेलं की माती उलटत नाही, उभीच राहते. मागचं चाक असं लावलं की लँडसाइडची (तासाच्या भिंतीला टेकून चालणाऱ्या पट्टीची) टाच तासाच्या तळापासून अर्धा इंच सुटी राहील. टाच घासत असेल तर डिझेल फुकट जातं.

ड्रायव्हरला तीन गोष्टी बजावल्या. दोरी हाताला गुंडाळायची नाही, वळताना ताणली जाईल इतकी आखूडही बांधायची नाही. नांगर जमिनीत असताना ट्रॅक्टर मागे घ्यायचा नाही. आणि रानाच्या दोन्ही टोकांना आधी एक उथळ आडवी रेघ मारायची, म्हणजे दोरी कुठे ओढायची ते कळतं आणि सगळे तास एका रेषेत संपतात.

जोडणीतला तुटायचा बोल्ट कोणीतरी हाय टेन्साइलचा, म्हणजे सहज न तुटणाऱ्या पोलादाचा, घातला होता. तो काढून मऊ लोखंडाचा बसवला, कारण दगड लागल्यावर तुटायला हवा तो बोल्ट, नांगराची बीम नव्हे.

फाळ मात्र बदलावेच लागले. नव्या फाळाची चोच किंचित खाली झुकलेली असते, लँडसाइडखाली पट्टी धरली तर मध्ये ३ ते ५ मिमी फट दिसते. इथे फट शून्य होती. काका लोहाराकडून पाजवून आणतो म्हणाले, पण हे फाळ ओतीव होते. इंग्लंडचा नांगर-कारखानदार रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ साली पेटंट घेतलेली ही पद्धत: ओतताना खालची बाजू झटकन थंड करून कडक करायची, मग वरची बाजू आधी झिजते आणि धार आपोआप राहते. असा फाळ भट्टीत घातला की तो कडकपणा जातो आणि घण बसला की तडकतो.

गंजलेल्या पंखाला काळी माती चिकटते, मग नांगर तास उलटवत नाही, ढकलत नेतो. आम्ही पंख ग्राइंडरने न घासता एमरी पेपरने हाताने उजळले, पृष्ठभागाला खळगे नकोत म्हणून. काम संपल्यावर त्यांना त्याच दिवशी ग्रीस लावायचं आणि नांगर लाकडी ओंडक्यांवर उचलून ठेवायचा, हे काकांना लिहून दिलं.