आवाज ऐकणाऱ्या भावासोबत हेगची काँग्रेस – माझा अनुभव

२०१८ च्या सप्टेंबरमधे मी आणि माझा धाकटा भाऊ नेदरलँड्समधे हेगला दहाव्या वर्ल्ड हिअरिंग व्हॉइसेस काँग्रेसला, म्हणजे इतरांना न येणारे आवाज ज्यांना ऐकू येतात त्यांच्या जागतिक परिषदेला, जाऊन आलो. शुभंकरांच्या, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या मीटिंगला गेलं की अजूनही कोणीतरी विचारतंच, कागदपत्रं काय लागली, गोळ्या कशा नेल्या, त्याला झेपलं का, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतेय.

भावाला स्किझोफ्रेनिया आहे, कॉलेजात असताना सुरू झाला. त्यावरची क्लोझापिन ही गोळी चालू आहे, दर महिन्याला सीबीसी ही रक्ततपासणी करावी लागते कारण या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ ला सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, तिथल्या स्वमदत गटात जायला लागलो आणि मगच आम्ही घरातले जरा श्वास घ्यायला लागलो. या काँग्रेसचं भावालाच नेटवर सापडलं. तो म्हणाला ताई, तिथे आवाज ऐकणारे लोक स्वतः स्टेजवर बोलतात, मला जायचंय. तो स्वतःहून काही मागतोय हीच आमच्याकडे मोठी गोष्ट होती, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

थोडं या काँग्रेसबद्दल सांगते. मारिउस रोम हे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचे सायकिअ‍ॅट्रिस्ट, त्यांची पेशंट पॅट्सी हागे. तिचं म्हणणं होतं की मला आवाज ऐकू येतात त्याबद्दल माझ्याशी नीट बोला. १९८७ मधे दोघं डच टीव्हीवर आले आणि ज्यांना आवाज येतात त्यांनी कळवा असं आवाहन केलं. साधारण ७०० लोकांनी प्रतिसाद दिला, त्यातल्या ४५० जणांना आवाज यायचे, आणि त्यातले १५० म्हणाले आमचं आवाजांसकट बरं चाललंय. हे लोक कसं निभावतात हे इतरांना ऐकायला मिळावं म्हणून एकत्र भेटणं सुरू झालं, पत्रकार सांड्रा एशर पण त्यात होत्या, मग इंग्लंड आणि इतर देशांत गट निघाले. २००९ ला पहिली वर्ल्ड काँग्रेस मास्ट्रिख्टलाच झाली.

तर तयारी. सगळ्यात आधी डॉक्टर. त्यांनी जा म्हणून सांगितलं पण दोन अटी घातल्या, निघायच्या आठवड्यात रक्त तपासायचं आणि रात्रीची झोप मोडू द्यायची नाही. त्यांच्याकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घेतलं, त्यात औषधांची ब्रँडची नावं न लिहिता मूळ नावं, डोस, किती दिवसांच्या गोळ्या सोबत आहेत आणि पासपोर्टवर आहे तस्संच नाव. झोपेसाठी क्लोनाझेपाम होतं, ते परदेशात नियंत्रित औषधांत मोडतं, त्याचा वेगळा उल्लेख करून घ्या, हे विसरू नका. गोळ्या मूळ स्ट्रिपमधेच ठेवल्या, अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपवरचं नाव आणि एक्स्पायरी निघून जाते म्हणून सगळ्या नव्या आणल्या. अर्ध्या माझ्या हँडबॅगेत, अर्ध्या त्याच्या. चेक-इन सामानात एकही नाही, बॅग हरवली तर क्लोझापिन परक्या देशात लगेच मिळेल असं धरून चालता येत नाही, आणि दोनपेक्षा जास्त दिवस चुकली तर डॉक्टरांना विचारून परत अगदी थोड्या डोसपासून चढवत न्यावी लागते.

व्हिसाचं मला सगळ्यात टेन्शन होतं आणि तेच सोपं निघालं. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या फॉर्ममधे आजाराचा रकानाच नाही. रजिस्ट्रेशनचं पत्र, हॉटेल, तिकिटं, माझ्या पगाराच्या स्लिप आणि मी त्याचा खर्च करतेय असं पत्र, बस. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो, काउंटरवरच्या मुलीने कशासाठी जाताय विचारलं, भाऊ म्हणाला मानसिक आरोग्याची कॉन्फरन्स आहे, मी पेशंट आहे. ती बरं म्हणाली आणि पुढचा कागद मागितला.

अडलं ते इन्शुरन्सला. शेंगेनसाठी निदान ३०,००० युरोचं कव्हर लागतं. एजंट म्हणाला आजार लिहूच नका, कशाला उगाच. पण खोटं लिहायचं नाही असं आमचं ठरलं होतं, कारण तिथे काही झालं आणि लपवलेलं निघालं तर सगळंच गेलं. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला होता, त्याच्या कलम २१ मधे लिहिलंय की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं. मी त्याची प्रिंट घेऊन गेले. कंपनीच्या ऑफिसात कोणी ती वाचायला सुद्धा तयार नाही. शेवटी पॉलिसी मिळाली, पण आधीपासूनचा आजार वगळून. ऑगस्टमधे आयआरडीएआय या विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने सगळ्या कंपन्यांना या कलमाचं पालन करा असं पत्रक काढलं, तोवर आमचे पैसे भरून झाले होते. याचा राग मला अजून आहे. डायबिटीसवाल्याला कोणी लपवा म्हणून सल्ला देत नाही.

प्रवासात एकच केलं, तिथलं घड्याळ साडेतीन तास मागे आहे म्हणून आठवडाभर आधीपासून रात्रीची गोळी थोडी थोडी उशिरा न्यायला लागलो, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्खिपहोल विमानतळाहून हेग ट्रेनने अर्ध्या तासावर आहे, पोचलो तो दिवस नुसता झोपेला ठेवला.

आता काँग्रेसचं. माणसं खूप होती आणि भावाला गर्दी सोसत नाही, त्यामुळे सगळी सेशन्स करायची नाहीत, सकाळी एक, दुपारी एक आणि मधे बाहेर चालायला. एका छोट्या गटात एक वयस्कर बाई, स्वतः आवाज ऐकणाऱ्या, त्याच्यासमोर बसल्या आणि एकेक विचारत गेल्या. किती आवाज आहेत, बाई की पुरुष, वय काय वाटतं, ओळखीचा आहे का, कधी वाढतो, काय केल्यावर कमी होतो. भाऊ त्याच्या इंग्रजीत उत्तरं देत होता. दोन आहेत. एक बाई आहे, म्हातारी. मिक्सर किंवा एक्झॉस्ट फॅन चालू झाला की ती त्या आवाजातनं बोलते. मी शेजारी बसून पहिल्यांदा ऐकत होते, की स्वयंपाकघरातनं हा ताट टाकून उठून का जायचा. घरी आम्ही विचारायचो ते एवढंच, आज त्रास आहे का. आणि डॉक्टरांच्या दहा मिनिटांत वाढलेत का कमी झालेत याच्या पुढे गाडी जात नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते. तिथे गोळ्यांच्या विरोधात बोलणारे लोक बरेच भेटतात, काहींना औषधांनी आणि सक्तीच्या उपचारांनी खरंच खूप भोगायला लावलंय, त्यांचं ऐकावं. पण ते ऐकून परस्पर गोळी बंद करायची नाही. क्लोझापिन एकदम थांबवली तर आजार उसळून येतो, आमच्या गटात एका घराने ते बघितलंय. भावाने तिथेच मला सांगितलं की मी बंद करणार नाही, मला फक्त असं बोलायचं होतं.

परत आल्यावर त्या प्रश्नांची यादी आम्ही मराठीत केली आणि गटात वाचली. एका काकांना अजिबात पटलं नाही, म्हणाले इतकं खोदून विचारलं तर आवाजांना खतपाणीच मिळेल. भीती रास्त आहे, आम्ही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले त्याला बरं वाटत असेल तेव्हाच, थोडं थोडं, आणि तो नको म्हणाला की थांबायचं. तसंच चाललंय. भाऊ एका वहीत लिहितो आवाज कधी आला, तेव्हा काय चालू होतं. पुढच्या अपॉइंटमेंटला वही घेऊन गेला, डॉक्टरांनी पानं उलटून बघितली, डोस तोच ठेवला, आणि घरी आम्ही चटणीचा मिक्सर तो फिरायला जातो त्या वेळेत लावायला लागलो.