बर्फाच्या गावात गाडीला कुठली मॅट टाकायची

यंदा आमचा पुतण्या मिनेसोटात शिकायला आला, आल्या आल्या त्यानं एक जुनी सेडान घेतली आणि तिकडं साताऱ्यात दादाला काळजी सुरू झाली. फॅमिली ग्रुपवर मेसेज आला की इथनं गाडीच्या मापाच्या चांगल्या सेव्हन-डी मॅट्स (रेक्झिनच्या, आत फोम घातलेल्या) शिवून घेतो, कुणी येणारं असलं की कंदी पेढ्यांबरोबर पाठवून देतो. दादाला फोनवर सगळं सांगितलं, पण कराडची, कोरेगावची, वाईची बरीच पोरं आता असल्या थंडीच्या ठिकाणी जायला लागलीत आणि त्यांच्या घरच्यांनाही हेच प्रश्न पडत असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तिकडची मॅट इथं बसणारच नाही, कारण इथं स्टिअरिंग डावीकडं, म्हणजे पेडलची सगळी बाजूच उलटी. आणि समजा बसली असती तरी मी नकोच म्हटलं असतं.

आपल्याकडं बर्फ म्हणजे डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या कडेला गाड्यांच्या टपावर साठलेले हिमकण, पेपरात फोटो येतो आणि ऊन वर आलं की संपलं. त्यामुळं घरच्यांना वाटतं बर्फ वितळला की पाणी, पाणी वाळलं की विषय मिटला. पण इथं बुटाला लागून गाडीत येतं ते नुसतं पाणी नसतं, त्यात मीठ असतं आणि खरा त्रास त्या मिठाचा आहे. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात, कधी खडे, कधी मिठाचं पाणीच फवारतात. साधारण २३ टक्के मीठ असलेलं पाणी उणे २१ डिग्रीपर्यंत गोठत नाही, पण प्रत्यक्ष रस्त्यावर साधं मीठ उणे ९ च्या खाली गेलं की फार हळू काम करतं, आणि इथं जानेवारीतल्या काही रात्री उणे २५ ला जातात, मग त्यात कॅल्शियम क्लोराइड नाहीतर मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. आता हे कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल स्वतःकडं ओढून घेतं. म्हणजे ते एकदा गाडीच्या कार्पेटमध्ये गेलं की कार्पेट वाळल्यासारखं दिसतं आणि हवा जरा दमट झाली की परत ओलं. (हेच मीठ शेवटी इथल्या तळ्यांत उतरतं, एक चमचा मीठ जवळजवळ १९ लिटर गोडं पाणी खराब करायला पुरतं असं इथलं प्रदूषण खातं सांगतं, आणि दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणून नंबरप्लेटवर मिरवणाऱ्या लोकांना त्याची काळजी आहे ते बरोबरच आहे.)

कार्पेटच्या खाली फोमचा किंवा नमद्याचा जाड थर असतो, पाणी तिथं जाऊन बसतं. वरनं हात लावला तर कळतही नाही. मग काय होतं, रात्री ती ओल वाफ होऊन काचेला आतनं धरते आणि सकाळी बघावं तर काच आतल्या बाजूनं गोठलेली, बाहेरची खरवडायची ती वेगळीच. त्याच्याखाली पत्रा आहे, तो गंजतो. आणि बऱ्याच गाड्यांत वायरिंगचे जोड सीटखाली नाहीतर कार्पेटखाली असतात, त्यांना खारं पाणी लागलं की कुठला तरी दिवा उगाच पेटतो आणि मेकॅनिकला दोष सापडता सापडत नाही. म्हणून मॅट म्हणजे शोभेची वस्तू नाही, ते खारं पाणी कार्पेटपर्यंत पोचू द्यायचं नाही एवढंच तिचं काम, आणि घेताना तेवढंच बघायचं.

सेव्हन-डी मॅट इथं का नको तर ती रेक्झिनची, आत फोम, वर शिवण. शिवणीतनं पाणी आत गेलं की फोम ते धरून ठेवतो. गाडीबरोबर आलेल्या कार्पेट मॅट्सचंही तेच, त्या नोव्हेंबर लागला की काढून धुऊन घरात ठेवायच्या. घ्यायची ती ट्रेसारखी मॅट, परातीसारखे काठ वर आलेले, आणि नुसते काठ बघून भागत नाही, डावा पाय टेकवायची जागा आणि पेडलखालचा चढ झाकला जातो का ते बघा, कारण ड्रायव्हरच्या बुटाचं पाणी टाचेपाशी साठतं आणि नेमकं तिथनंच बाजूला उतरतं. मागची मॅट मधल्या उंचवट्यावरनं सलग जाणारी असेल तर उत्तम.

मटेरियल टीपीई असावं, म्हणजे रबरासारखं लवचिक प्लास्टिक. स्वस्त पीव्हीसीची मॅट उणे वीसला पत्र्यासारखी कडक होते, काठ उचलला की मोडायची भीती, टीपीई त्याच थंडीत लवचिक राहतं आणि वासही कमी. जाड रबराची मॅट थंडीला चांगली टिकते पण जड असते आणि उन्हाळ्यात वास मारते. दुकानात कात्रीनं कापून बसवायच्या मॅट्स मिळतात, स्वस्त असतात, शिकणाऱ्या पोरांना त्याच दिसतात. एखादा हिवाळा निघेल त्यावर, पण कापल्या की काठ जातो आणि काठ गेला की पाणी कार्पेटवर. मी पुतण्याला सांगितलं की पैसे कमी असतील तर पुढच्या दोनच चांगल्या घे, मागच्या पुढच्या वर्षी घे. वेदरटेक, हस्की लायनर्स, कॅनडातलं टक्समॅट, नाहीतर गाडीच्या कंपनीच्याच ऑल-वेदर मॅट्स, यातलं काहीही चालेल, फक्त गाडीचं मॉडेल, वर्ष आणि व्हेरिएंट तंतोतंत टाकून ऑर्डर करायची. एकाच नावाच्या गाडीत हायब्रिडचा फ्लोअर वेगळा असू शकतो, ऑल-व्हील ड्राइव्हचा वेगळा.

आणि हे बसण्याचं मी एवढं का धरून बसलोय ते सांगतो. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्सस गाडीत दुसऱ्याच मॉडेलची ऑल-वेदर मॅट टाकलेली होती, तिच्यात ॲक्सिलरेटर अडकला आणि गाडीतली चारही माणसं गेली. त्यानंतर टोयोटानं अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरकडची मॅट काढून ठेवा म्हणून कळवलं. त्यामुळं ड्रायव्हरच्या बाजूला फ्लोअरवर जे हुक असतात त्यात मॅटची भोकं बसलीच पाहिजेत. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण खाली दाबा, सोडा, कुठं घासत नाही ना बघा. जुन्या मॅटवर नवीन मॅट कधीही टाकायची नाही. सेकंडहँड गाडीत तर आधी हुक शाबूत आहेत का तेच बघायचं, पुतण्याच्या गाडीत एक तुटलेला निघाला, तो बदलल्यावरच नवीन मॅट आत गेली.

मॅटमध्ये पाणी साठलं की उचलायची घाई नको, उचलताना वाकते आणि सगळं कार्पेटवर सांडतं. आधी जुन्या टॉवेलनं टिपून घ्या. बाहेर अंगणात धुवू नका, धुतलेलं पाणी तिथंच गोठतं आणि सकाळी कुणीतरी घसरून पडतं, त्यापेक्षा न्हाणीघरात कोमट पाण्यानं धुवा. पांढरे डाग पडले तर पांढरा व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं निम्मं करून पुसायचं, मीठ सुटतं. चकाकी आणणारा स्प्रे ड्रायव्हरच्या मॅटवर अजिबात मारायचा नाही, बूट पेडलवरनं घसरतो. आणि गाडीत बसायच्या आधी दारात बसून दोन्ही बूट एकमेकांवर आपटायचे, एवढ्यानंसुद्धा आत येणारा बर्फ निम्मा होतो.

साताऱ्यातल्या मंडळींनी मीठ सोडून द्या, पण ओल तीच आहे. जुलैमध्ये कास, बामणोली, महाबळेश्वर करणाऱ्यांच्या गाडीत लाल चिखल आणि पाणी काय कमी येतं का? दुकानदार सेव्हन-डीच दाखवणार, दिसायला झकास असते, पण पावसाळा आपल्यासारखा असेल तर टीपीईची ट्रे मॅट मागा, आता तिकडच्या मॉडेल्ससाठीही मिळतात. पावसाळ्यात अधनंमधनं मॅट उचलून खालच्या कार्पेटवर तळहात जोरात दाबून बघत जा. ओल लागली तर ऊन पडेल त्या दिवशी मॅट्स काढून, दारं उघडी टाकून गाडी वाळवा. आणि ओल फक्त पुढं डावीकडच्या सीटच्या पायाशीच असेल तर दोष बहुतेक मॅटचा नाही, एसीची ड्रेन पाइप चोंदलेली असते, ती आधी साफ करून घ्या.