‘सहज आलेय’ म्हटलं की गेटवर अडलात

करोनानंतर जुन्या कॉलेजात फेरी मारायची असेल तर घरातून निघतानाच ठरवून ठेवा, काम काय सांगायचं. बाकी सगळं जमतं.

हे नोव्हेंबर २०२१ मधलं. कॉलेजं २० ऑक्टोबरपासून उघडली होती, पण दोन डोस पूर्ण झालेल्यांसाठी. माझे कोव्हिशिल्डचे दोन्ही झाले होते, मधले ८४ दिवस मोजून. एसटीचा संप सुरू होता म्हणून गारगोटीहून वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, कोल्हापूर गाठलं. निम्म्यांचे मास्क हनुवटीवर. तेवढा वेळ खिडकीबाहेर तोंड काढून बसले, एवढंच.

कॉलेजच्या गेटवर टेबल, सॅनिटायझरची बाटली, कपाळावर धरायची ती बंदूक आणि रजिस्टर. पेनाला सुतळी बांधलेली. बंदुकीनं ९४ दाखवलं, त्यावर कुणाची हरकत नव्हती. लशीच्या सर्टिफिकेटचा क्यूआर कोडही कुणी तपासला नाही. गाडी अडली ती शेवटच्या रकान्यात, ‘कामाचे स्वरूप’. मी लिहिलं, ‘भेट’.

‘‘कुणाची भेट, म्याडम?’’

‘‘कॉलेजची.’’

‘‘कॉलेजमधी कुणाची?’’

आता कुणाचं नाव सांगू? आमचे सर-मॅडम कधीच रिटायर झाले, त्यातले काही या दोन वर्षांत गेलेही. म्हटलं, ‘‘दादा, मी इथं शिकलेय. नुसतं बघून जाते.’’

‘‘नुसतं बघायला परवानगी न्हाई. आयकार्ड हाय?’’

होतं! मुद्दाम शोधून आणलं होतं. कोपरे झिजलेले, फोटोत दोन वेण्या, नाव माहेरचं. सर्टिफिकेटवर सासरचं. त्यानं दोन्ही शेजारी शेजारी धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, ‘‘ही बाई येगळी दिसतिया.’’

ऑफिसात फोन लावला. ऑफिसनं सांगितलं, प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यायला सांगा. अर्ज कुठं द्यायचा? आत, आवक-जावकला. आत कसं जायचं? अर्ज मंजूर झाल्यावर. हे तो मला अगदी शांतपणे, दोनदा समजावून सांगत होता. त्याचा तरी काय दोष म्हणा, वरून आलेला कागद तो पाळत होता. पण त्या वेळी माझ्या डोक्यात तिडीक गेली. शाहू महाराजांनी १९०१ पासून ज्या शहरात जातीजातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली, खेड्यातलं पोर शिकायला यावं म्हणून धडपड केली, त्या शहरात शिकून गेलेल्या बाईला गेटवर विचारतात, काम काय?

(बायकांनो, नावाचा असा घोळ असेल तर लग्नाचा दाखला किंवा गॅझेटची प्रत फोनमध्ये ठेवा. कोविनवर, म्हणजे लशीच्या सरकारी साइटवर, तेव्हा नाव एकदाच बदलता यायचं, ती संधी जुन्या आयकार्डापायी घालवण्यात अर्थ नव्हता.)

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज लिहायला कोरा कागद मागितला. तिथला पोरगा सगळा तमाशा बघत होता. म्हणाला, ‘‘मावशी, लायब्ररीचं डिपॉझिट ऱ्हायलंय का बघा. पैशाचं काम सांगितलं की सोडत्यात.’’

आणि खरंच राहिलं होतं! १९८८ ला शेवटचा पेपर दिला, लग्न ठरलंच होतं, डिपॉझिट मागायला परत आलंय कोण? तशीच गेटवर गेले, ‘भेट’ खोडलं आणि ‘लायब्ररी अनामत’ लिहिलं. दादा एकदम खूश. ‘‘आधीच सांगायचं न्हाई व्हय म्याडम! सरळ जाऊन डाव्या अंगाला.’’ आयकार्डातली बाईही आता तीच ठरली.

आत मनसोक्त हिंडले. एकाआड एक बाकावर खडूनं फुल्या मारलेल्या, कॅन्टीन बंद, लेडीज रूमला नवा टाइल्सवाला मजला. आमचा लाल कोबा जास्त बरा होता. पोरं तुरळक, तीही मास्कमध्ये, त्यामुळे कुणाशी ओळख काढून बोलणं झालं नाही. पाण्याची टाकी रिकामी होती, बाटली घरून न्या. दुपारी दीड ते अडीच जाऊ नका, जेवणाच्या सुट्टीत गेटवर बदली माणूस असतो आणि तो कुणालाच सोडत नाही.

लिहिलंय तर विचारावं म्हणून लायब्ररीच्या खिडकीशीही गेले. प्लॅस्टिकच्या पडद्याआडून बाई म्हणाल्या, ‘‘मूळ पावती आणलीय?’’

बाहेर पडताना रजिस्टरात वेळ टाकून सही करायची असते. माझ्या आधीच्यानं केली नव्हती, तर त्याला आत शोधायला शिपाई पाठवला होता.