कुलविकीची 'अंडरबर्ड', १/२४: बॉडी रंगून झाली, इंजिन अर्ध्यावर

नॅस्कार या अमेरिकी मोटार-शर्यतींमधला ड्रायव्हर ॲलन कुलविकी याच्या ७ नंबरच्या फोर्ड थंडरबर्डचं १/२४ मापाचं मॉडेल करायचं तर आधी तारीख पक्की करावी लागते. इथे ती आहे १५ नोव्हेंबर १९९२, अटलांटा, हूटर्स ५००. मोसमाची शेवटची शर्यत. कुलविकी गुणतक्त्यात डेव्ही ॲलिसनच्या ३० गुणांनी मागे होता. फोर्डकडून परवानगी घेऊन त्याने बंपरवरच्या 'थंडरबर्ड'मधली पहिली दोन इंग्रजी अक्षरं काढून टाकली. अंडरडॉगची गाडी अंडरबर्ड.

मॉडेलवर हे काम डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील स्टिकर) कोरडं असतानाच करायचं. ब्लेड नवीन हवं, आणि अक्षराच्या कडेचा पारदर्शक भाग जितका कमी राहील तितका बरा. भिजल्यावर कापायला गेलं की डेकल ब्लेडबरोबर ओढलं जातं आणि कडा फाटते. बंपरला गोलाई आहे, त्यामुळे डेकल सॉफ्टनरचे (डेकल मऊ करणाऱ्या द्रवाचे) दोन पातळ हात लागले. सॉफ्टनर लावल्यावर डेकलला सुरकुत्या पडतात. त्या वेळी बोट लावायचं नाही, वाळताना ते आपोआप बसतं. डेकल जुनी असतील तर आधी एक बिनकामाचं भिजवून बघावं. तुकडे पडले, तर उरलेल्या शीटवर क्लिअरचा (पारदर्शक लॅकरचा) हात देऊन मगच पुढे जावं.

छपराकडे नीट बघा. रूफ फ्लॅप (गाडी उलटी फिरली की उघडून तिला हवेत उडू न देणाऱ्या छपरावरच्या झडपा) १९९४ पासून आले, म्हणून १९९२च्या गाडीवर त्यांच्या रेषा दिसता कामा नयेत. किटमध्ये कोरलेल्या असतील तर पुट्टी भरून ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर.

रंग पांढरा आणि केशरी. केशरी रंग झाकायला कमकुवत असतो. करड्या प्रायमरवर थेट मारला की विटकरी दिसतो. म्हणून आधी सगळी बॉडी पांढरी, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन हलके हात. दुसऱ्या दिवशी मास्किंग, टेपच्या कडेवर परत पांढऱ्याचा एक फवारा (रंग झिरपलाच तर पांढराच झिरपतो), आणि त्यावर केशरी. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत लॅकर पांढुरकं पडतं. अशा दिवशी रंगकाम नको, चासी करावी.

आणि चासी मनापासून करण्यासारखी आहे. कुलविकी विस्कॉन्सिनचा, १९७७चा मेकॅनिकल इंजिनिअर. १९८६ साली 'रुकी ऑफ द इयर' (वर्षातला सर्वोत्तम नवोदित) झाला तो तुटपुंज्या पैशात चालवलेल्या स्वतःच्या टीमच्या जोरावर. पुढे ज्युनियर जॉन्सनसारख्या मातब्बर मालकाने बोलावलं तरी त्याने नकार दिला. गाडीच्या सेटिंगमध्ये तो स्वतः हात घालायचा. त्याच्या मॉडेलमध्ये सस्पेन्शन नुसतं काळं फासून मोकळं होणं पटत नाही.

व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ११० इंच, म्हणजे १/२४ला ११६.४ मिमी. ॲक्सल चिकटवण्याआधी मोजलं तर दीड मिमी कमी भरलं. मागच्या माउंटची भोकं मागे सरकवली. हे राहिलं असतं तर मागचं चाक कमानीत पुढे बसलं असतं, आणि ते लांबूनही खुपतं.

इंजिन ३५८ घनइंची व्ही-८. फोर्डचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटून देणारा भाग) पुढच्या बाजूला असतो. शेव्हरोलेच्या सवयीने मागे भोक पाडू नका. प्लगच्या वायरी ८ आणि कॉइलची १, जाडी ०.३३ मिमीच्या आसपास. पाच वायरी बसल्या आहेत. खरी गाडी त्या दिवशी पहिल्या पिट स्टॉपलाच पहिला गिअर गमावून बसली होती, तरी शर्यत काढली. ॲलिसन अपघातामुळे मागे पडला. बिल एलियट जिंकला, कुलविकी दुसरा आला. पण आघाडीवर कुलविकीच्या १०३ फेऱ्या, एलियटच्या १०२. सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहण्याचे ५ गुण कुलविकीला. मोसमाचे एकूण गुण: कुलविकी ४०७८, एलियट ४०६८, म्हणजे मोसमाचा किताब कुलविकीला. एक फेरी इकडची तिकडे झाली असती तर दोघे बरोबरीत येऊन, जास्त विजयांमुळे किताब एलियटकडे गेला असता.

त्यानंतर त्याने गाडी उलट्या दिशेने फिरवली, १९८८च्या फिनिक्समधल्या पहिल्या विजयानंतर फिरवली होती तशीच: 'पोलिश व्हिक्टरी लॅप' (कुलविकी पोलिश वंशाचा, म्हणून हे नाव). ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे उलट्या फेरीत त्याची खिडकी थेट प्रेक्षकांसमोर येते. पुढच्या १ एप्रिलला, ३८व्या वर्षी, टेनेसीतल्या विमान अपघातात तो गेला.

मॉडेल त्याच फेरीतलं दाखवायचं आहे, म्हणून डावीकडच्या खिडकीची जाळी खाली सोडलेली. ती बारीक नायलॉनच्या जाळीतून कापायची. कडा आधी पातळ सुपरग्लूने बांधून घ्यायच्या, नाहीतर धागे सुटतात. उरलेल्या चार वायरी, मग जाळी.