खडे, चणे आणि मेणवलीची वाट : पथकाच्या दोन महिन्यांची नोंद

वाईतलं आमचं गाईडांचं, म्हणजे मुलींच्या स्काउट चळवळीतलं, खुलं (एकाच शाळेचं नसलेलं) पथक शनिवारी साडेचारला भरतं. पटावर २३ मुली आहेत. सगळ्यात धाकटी दुसरीत, सगळ्यात थोरली अकरावीत. रीतीप्रमाणे दहा वर्षांपर्यंतच्या बुलबुल वेगळ्या, त्यापुढच्या गाईड वेगळ्या आणि मोठ्या रेंजर वेगळ्या बसायला हव्यात. पण मी एकटी आणि पटांगणही एकच, म्हणून सगळ्या एकत्र. पथक चालवणाऱ्या तुमच्यापैकी अनेकींची हीच स्थिती आहे हे ठाऊक आहे, म्हणून यंदा जरा सविस्तर लिहितेय.

यंदाचं उद्दिष्ट एकच ठेवलं: २२ फेब्रुवारीच्या, जगभरच्या गाईड पाळतात त्या चिंतन दिनाचा कार्यक्रम मुलींनी स्वतः आखायचा आणि पार पाडायचा. मी फक्त हजर राहणार.

६ डिसेंबर
चार मिश्र संघ केले. प्रत्येकात एक-दोन मोठ्या, दोन मधल्या, दोन धाकट्या. संघनायिका अर्थातच मोठ्या. हे 'अर्थातच' पुढे महागात पडलं.

१३ डिसेंबर
तीन विटांच्या चुलीवर पोहे. प्रत्येक संघात एक बुलबुल प्रमुख, बाकीच्यांनी तिचं ऐकायचं, असं सांगून मी बाजूला झाले. एका संघात चौथीतल्या मुलीने पोहे पातेल्यात पाणी ओतून भिजवले, चाळणीत घेतले नाहीत. तिची संघनायिका दहावीतली, घरी रोज स्वयंपाक करणारी. "अगं, लगदा होईल!" म्हणत तिने पातेलं उचललं, पाणी निथळलं, फोडणीही स्वतःच टाकली. क्षणात बाकीच्या चौघी तिच्याकडे वळल्या. मीठ किती, कोथिंबीर कधी, सगळं तिलाच विचारू लागल्या. चौथीतली हातात झारा घेऊन थोडा वेळ उभी राहिली आणि मग कुणी न सांगता भांडी घासायला गेली.

पोहे अप्रतिम झाले होते. मला घास गिळवेना.

त्या मोठ्या मुलीचा दोष नाही. ती मनापासून मदत करत होती. शिवाय बुलबुलचा पहिलाच नियम आहे की बुलबुल मोठ्यांचा मान राखते. धाकटी तो नियम पाळत होती. चूक माझ्या आखणीत होती. प्रमुखपद मी धाकटीला दिलं, पण मोठीने काय करायचं हे सांगितलंच नाही. 'बाजूला राहा' हे काही काम नव्हे.

२० डिसेंबर
कृष्णेच्या काठावरून बारा गोल खडे वेचून आणले. चार संघांच्या चार मोठ्या मुलींना तीन-तीन. न विचारता सल्ला दिला किंवा हात घातला की एक खडा प्रमुखाच्या हातात ठेवायचा. तिन्ही संपले की गप्प राहायचं. विस्तव, सुरी, पाणी आणि रस्ता या चार बाबतींत मात्र खडे मोजायचे नाहीत, दिसलं की लगेच बोलायचं. ही सवलत पहिल्याच मिनिटाला स्पष्ट करा, नाहीतर ओढणीचं टोक चुलीपाशी लोंबतंय आणि मोठी खडा वाचवत बसलीय असं व्हायचं.

या वेळी मुगाची खिचडी. एकीचे तिन्ही खडे दहा मिनिटांत संपले. दोन संघांची खिचडी पेजेसारखी झाली, सगळ्यांनी वाटीतून प्यायली. पण खरी गंमत चौथ्या संघात घडली. तिथल्या धाकटीने स्वतःहून विचारलं, "ताई, आता झाकण ठेवू का?" विचारलं तर खडा जात नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने सात-आठ वेळा विचारलं, मोठीने तेवढंच उत्तर दिलं, खडे तिन्ही शिल्लक. तेव्हापासून माझ्या वहीत खडे किती गेले हे मी लिहीत नाही. धाकटीने किती वेळा विचारलं, ते लिहिते.

२७ डिसेंबर
शाळांची स्नेहसंमेलनं, नऊच मुली हजर. रीफ नॉट आणि क्लोव्ह हिच या गाठींची उजळणी.

३ जानेवारी
सावित्रीबाईंची जयंती. त्यांचं नायगाव आमच्या शेजारच्याच खंडाळा तालुक्यात, त्यामुळे दोघीतिघींनी ते पाहिलेलं. त्या दिवसाचं ध्वजवंदन आणि हजेरी तिसरी-चौथीच्या मुलींकडे दिली. हजेरी घेताना आवाज चढवावा लागला नाही, कारण मोठ्यांनी खडे सोबत आणले होते.

१० जानेवारी
तिळगूळ वाटून मतदान. फेब्रुवारीतली पायवाट कुठली घ्यायची? पर्याय दोन, पांडवगड किंवा मेणवली. हात वर करायला सांगितलं तर धाकट्यांनी आधी आपापल्या संघातल्या ताईकडे पाहिलं आणि मग हात वर केले. निकाल पांडवगड, १८ विरुद्ध ४. मला पटेना. मग तोंड बांधलेलं गाडगं ठेवलं, वरच्या कापडाला हात जाईल एवढी फट. प्रत्येकीला एक चणा, एक शेंगदाणा. चणा म्हणजे पांडवगड, शेंगदाणा म्हणजे मेणवली. एक गाडग्यात टाकायचा, दुसरा मुठीत धरून सरळ तोंडात. पुन्हा मोजलं तर मेणवली १३, पांडवगड ९. त्याच मुली, तोच प्रश्न. ज्यांच्या पथकात लहान-मोठ्या एकत्र आहेत त्यांनी उघडं मतदान आजपासून बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

१७ आणि २४ जानेवारी
आता मधल्यांबद्दल, म्हणजे सातवी-आठवीतल्या. मोठ्यांकडे खडे, धाकट्यांकडे प्रमुखपद, यांच्याकडे काहीच नाही. दोघी सलग दोन शनिवार आल्या नाहीत. एकीला वाटेत गाठून विचारलं तर म्हणाली, "आमचं तिथे काय काम?" बरोबरच होतं तिचं. मग पायवाटेचा हिशेब, वेळापत्रक आणि मानसभेची, म्हणजे संघनायिकांच्या बैठकीची, इतिवृत्तवही त्यांच्याकडे दिली. खर्चाला ९०० रुपये होते. त्यांनी बाजारात तीन दुकानांत शेंगदाण्याचा भाव विचारला आणि चिक्की विकत न घेता घरी करायचं ठरवलं. १४० रुपये वाचले, ते वहीत लाल शाईने लिहिले.

१ फेब्रुवारी, रविवार
वाई ते मेणवली, सुमारे तीन किलोमीटर. एक संघ अर्धा तास आधी निघाला आणि दगडांचे बाण, गवताच्या गाठी अशा खुणा ठेवत गेला. मागच्यांची वाटाडी तिसरीतली. सोबत मदतीला आलेली एक पालक सगळ्यात पुढे, मी सगळ्यात शेवटी, रांग एकेरी.

एका फाट्यावर खुणा सापडेनात. शेळ्यांचा कळप नुकताच गेला होता, बाण विस्कटला असणार. माझ्या मनात आलं, आता ही रडणार. तिने सगळ्यांना झाडाखाली बसवलं, पाणी प्यायला सांगितलं आणि दोघी-दोघींच्या दोन जोड्या दोन्ही वाटांवर पाठवल्या. शंभर पावलं मोजायची, खूण दिसली नाही तर परत. डावीकडची जोडी गवताची गाठ सापडल्याचं ओरडत आली. दहावीतली, तीच पोह्यांची, पूर्ण वेळ माझ्या शेजारी उभी होती. तिची मूठ खिशात घट्ट होती. मेणवलीच्या घाटावर पोचल्यावर तिने तिन्ही खडे काढून मला दाखवले.

घाटावरच्या देवळातली मोठी घंटा वसईच्या मोहिमेतून इथे आली. तिच्यावरची मेरी आणि बाळ येशूची आकृती धाकट्यांनी बोट लावून पाहिली. मग पायऱ्यांवर बसून मी १९०९ची गोष्ट सांगितली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलग्यांचा स्काउट मेळावा होता आणि काही मुली तिथे येऊन म्हणाल्या, आम्हीपण स्काउट आहोत. पुढच्याच वर्षी गाईड चळवळ सुरू झाली. दुसरीतलीने विचारलं, "त्यांना कुणी बोलावलं होतं?" मी म्हटलं, "कुणीच नाही."

७ फेब्रुवारी
चिंतन दिनाच्या आखणीसाठी मानसभा. तिच्यात फक्त संघनायिका आणि मधल्यांपैकी इतिवृत्त लिहिणारी. रेंजरने पुण्याच्या संगमचा विषय काढला. जगातल्या गाईडांच्या मोजक्या विश्वकेंद्रांपैकी एक १९६६पासून आपल्या इतक्या जवळ आहे आणि आपण कधी गेलो नाही, असं तिचं म्हणणं. विचारणा करणारं पत्र तीच लिहिणार आहे.

एवढ्यात दार लोटून तिसरीतली वाटाडी आणि दुसरीतली आत आल्या. वाटाडी म्हणाली, "आम्हाला कुणी बोलावलं नाही. पण आम्ही आलोय."

दहावीतलीने सरकून सतरंजीवर जागा केली. त्यांच्या मागण्या दोन होत्या. शेकोटी आम्ही पेटवणार, आणि शेकोटीची गाणी आम्ही निवडणार. पहिल्या मागणीला मी नाही म्हटलं. दुसरीवर चर्चा झाली आणि ती मान्य झाली, पण एक गाणं मोठ्यांच्या आवडीचं ठेवायचं या अटीवर. इतिवृत्तात हजर सदस्यांच्या यादीत दोघींची नावं लिहिली आहेत.